सिंधुदुर्ग सकाळीच टिपा

संध्याकाळी मालवणच्या धक्क्यावरून काढलेले सिंधुदुर्गाचे फोटो काळे येतात, अशी तुमची तक्रार. कॅमेरा नको, वेळ बदला. किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट धक्क्याच्या पश्चिमेला. सूर्य त्याच बाजूला बुडणार, मग तटबंदीची नुसती काळी आकृती उरणार. सकाळी ऊन थेट तटावर पडतं आणि दगडांचे सांधे, फटींतली झुडपं, पायथ्याचे शेवाळी खडक सगळं सुटं सुटं दिसतं.

आता भरती-ओहोटी. आपण नाशिककर, आपल्याला गोदेचा पूर तेवढा कळतो! पण कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला सकाळी सहा-सातला पाणी बरंच उतरलेलं, खडक उघडे आणि वर कोवळं ऊन.

एसी खोलीतून कॅमेरा काढून लगेच किनाऱ्यावर नेलात तर लेन्सवर वाफ धरते. बॅग न उघडता थोडा वेळ बाहेर ठेवा. आणि मेच्या सुट्टीचा हट्ट सोडा हो, पाऊस सरल्यावरचं आभाळ जास्त स्वच्छ असतं.