गोळी लागली की बॅरल उडतो का? (थोडं रागानं)

टँकरवाला, जालना
काल घरच्यांसोबत मुक्तिसंग्रामावरचा एक सिनेमा पाहिला. धो धो पाऊस, नायक ज्वारीच्या फडात पालथा पडलेला. समोर निजामाचा करोडगिरी (जकातीचा) नाका. थ्री नॉट थ्री रायफलची एकच गोळी रॉकेलच्या बॅरलला लागते अन् अख्खा नाका आभाळात! पोरं टाळ्या वाजवायलीत, मला हसू आवरंना. पंधरा वर्षं झाली, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून पेट्रोल-डिझेल आणायलो.

बॅरलला गोळी लागली तर भोक पडतं. भोकातून रॉकेल गळतं. झालं. साध्या गोळीत आत शिसं, वर तांब्याचं कवच. ती लोखंडावर सहसा ठिणगी पाडत नाही. आणि पातळ इंधन पेटत नसतं, पेटते त्याची वाफ. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलचं ते प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तरी नाही. काठोकाठ भरलेल्या बॅरलात हवाच नाही, मग स्फोट कशाचा?

खोटं दाखवायला माझी ना नाही. पण हे उलटं खोटं आहे. वाफ अन् हवा दोन्ही रिकाम्या बॅरलात असतात, खरा धोका तिथं. लोक भरल्या बॅरलपासून चार हात लांब राहतात आणि रिकाम्यावर बसून बिडी ओढतात.

थेटरवेडा, बीड
भाऊ, कीर्तनात बुवांना विचारता का, मगरीनं गजेंद्राचा पाय धरला तेव्हा पाणी किती फूट होतं? भोक पडून रॉकेल गळालं असं दाखवलं तर नायकानं काय बादली घेऊन पळायचं? आगीचा गोळा ही पण कला आहे. खाली थोडी बारूद, वर पेट्रोल, दुरून वायरीनं उडवतात. पेट्रोल फवाऱ्यासारखं वर जातं अन् पेटतं, तवा तो पिवळाजर्द गोळा दिसतो.

टँकरवाला, जालना
म्हणजे बारूद लागतीच ना! माझंच म्हणणं तुम्ही सांगायलात.

मास्तर, धाराशिव
दोघंही जरा थांबा. ‘शक्यच नाही’ हेही चूक आहे. ट्रेसर गोळीच्या बुडाला जळणारा मसाला असतो, ती उजेड पाडत जाते. गळत्या पेट्रोलची वाफ तिनं पेटू शकते. पोलादी गाभ्याची गोळी लोखंडावर ठिणगीही पाडू शकते. दुसरं, आपल्याकडचं ऊन. ज्या तापमानाला वाफ पेट घेण्याइतकी होते तो फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा उणे 40 च्या आसपास, म्हणजे ते कायम तयारच. डिझेलचा आपल्या मानकानुसार किमान 35 अंश. मे महिन्यात परभणीत पारा 43 वर जातो, उन्हातला काळा बॅरल तर हात लावू देत नाही. तेव्हा ‘डिझेलला काही होत नाही’ हे टँकरवाल्यांचं पाठांतर इथं जपून वापरावं.

टँकरवाला, जालना
ट्रेसर राहिलंच, मान्य. उन्हाचंही मान्य, फक्त 35 ही खालची मर्यादा आहे, पंपावरचं डिझेल बहुतेक त्याच्या वरच असतं. पण मास्तर, सीन भर पावसातला आहे. त्यात तुमचा मे महिना कुठून आणला?

सून, गंगाखेड
माझे आजेसासरे त्या काळात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. ते सांगायचे, रॉकेल मिळता मिळत नव्हतं. नाक्यावर बॅरल सापडला असता तर आधी गाडीत घालून आणला असता! उडवतंय कोण?

वेल्डिंगवाला, उदगीर
रिकाम्याचं टँकरवाले बरोबर बोलले. मागल्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक डिझेलचा रिकामा बॅरल घेऊन आलं. जनावरांच्या पाण्याला उभा चिरून द्या म्हणे, चार दिवस ऊन दाखवलंय, वास बी नाही. वास नसला तरी बुडाला अन् शिवणीत तेल चिकटलेलं राहतं. गॅस कटरची आच लागली की त्याची वाफ होती, अन् आत हवा भरपूर. मी पाणी भरल्याबिगर कटर लावत नाही म्हणलो तर हसलं. “सिनेमात तर भरलेलाच फुटतो की!” माझ्या उस्तादांचा डावा कान पाच लिटरच्या रिकाम्या डब्यानं गेलाय. नुसता सांधायला घेतला होता.

थेटरवेडा, बीड
वाईट वाटलं. पण त्याचा दोष सिनेमाला का? आयटीआयमध्ये शिकवा, बॅरलवर छापा. सगळ्या गावाची मास्तरकी सिनेमानं करायची म्हणलं तर तिकीट कोण काढंल?

टँकरवाला, जालना
मास्तरकी नको, खरा थरार दाखवा. 29 ऑक्टोबर 2009, जयपूरचा सीतापुरा डेपो. गोळी नाही, बॉम्ब नाही. व्हॉल्व्हवर काम चालू असताना पेट्रोल गळालं. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत राहिली, तासाभराहून जास्त. मग कुठूनतरी ठिणगी. आग आठवड्याहून जास्त धुमसत होती. तो पहिला एक तास दाखवा की! नुसता वास, अन् लांब कुणीतरी गाडीला चावी लावायलाय.

थेटरवेडा, बीड
हे मात्र भारी होईल, खरं सांगतो. पण एक अडचण आहे. पडद्याला वास येत नाही. प्रेक्षकाला वाफ दाखवणार कशी?

टँकरवाला, जालना
भर दुपारी पंपावर टाकीचं झाकण उघडलं की खाली फरशीवर बघा. टाकीच्या सावलीच्या वर अजून एक सावली थरथरती. तीच वाफ.

थेटरवेडा, बीड
उद्याच बघतो. गाडी तशी बी रिझर्व्हलाच आहे.