मदत हवी आहे : आणीबाणीतील सत्याग्रह आणि भूमिगत लढा

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळातील प्रतिकारावर मी एक लेख लिहीत असून, शांततामय सत्याग्रह आणि भूमिगत लढा यांपैकी कोणत्या मार्गाचा सरकारवर अधिक दबाव आला, या प्रश्नावर जाणकारांचे मत हवे आहे. विरोधी पक्षांच्या संयुक्त लोकसंघर्ष समितीने नोव्हेंबर १९७५ पासून शांततामय सत्याग्रह केला आणि हजारोंनी स्वतःहून अटक करवून घेतली. पण वृत्तपत्रांवर सेन्सॉर असल्याने तो बहुतेकांपर्यंत पोहोचलाच नसावा. याउलट समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्या भूमिगत गटाने, मनुष्यहानी टाळून रेल्वे वाहतूक विस्कळीत करण्याचा मार्ग धरला, जो बडोदा डायनामाइट खटल्यापर्यंत (घातपातासाठी स्फोटके जमवल्याच्या आरोपाचा खटला) गेला. माझ्या मते या दुसऱ्या मार्गाने सरकारला दडपशाहीचे आयते समर्थन मिळाले. मात्र मे १९७४ चा रेल्वे संप आठवला की हे मत डळमळते, कारण तो घातपात नसून केवळ संप होता, तरीही सरकारने तो तितक्याच कठोरपणे चिरडला. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात लेखिका दुर्गाबाई भागवतांनी उघडपणे केलेला आणीबाणीचा निषेध कोणत्या बाजूला ठेवावा, हेही ठरत नाही.

महाराष्ट्रातील भूमिगत पत्रके, तुरुंगातील आठवणी किंवा त्या काळात प्रत्यक्ष काम केलेल्यांच्या मुलाखती कोठे पाहायला मिळतील? यांपैकी कोणत्या मार्गाचा सरकारवर अधिक दबाव आला, असे आपणांस वाटते, तेही सकारण कळवावे.