क्यू गार्डन्समध्ये कुत्रे नकोत, हा नियम योग्यच!

टेम्सकाठची: लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये साहाय्यक कुत्रे सोडून बाकीच्यांना मज्जाव आहे. आमच्या मराठी ग्रुपवर त्यावरून सारखा वाद पेटतो, "एवढं तिकीट घेता, मग आमच्या ब्रूनोनं काय घोडं मारलंय?" माझ्या मते नियम चोख आहे आणि इतर जुन्या बागांनीही तो लावावा. १७६२ साली लावलेली काही झाडं तिथे अजून उभी आहेत. उभी म्हणजे, जपानी पॅगोडा ट्री तर पार आडवं होऊन टेकूंवर तगलंय. ब्लूबेल्स ही निळी रानफुलंही तशीच जपावी लागतात. पानं चिरडली की खालच्या कांद्याला अन्न मिळत नाही आणि तो पट्टा सावरायला वर्षं लागतात.

भूभूवाला: ब्लूबेल्स तुडवतात ती माणसं हो ताई! फोटोसाठी फुलांत फतकल मारून बसलेली. रिचमंड पार्क बघा. १६३७ पासूनचं राखीव कुरण, सहाशेवर हरणं, तरी कुत्र्यांना प्रवेश आहे. मार्च ते जुलै लीश सक्तीची. झालं की काम.

निवांत: झालं? २०११च्या त्या व्हायरल व्हिडिओतला फेंटन कुत्रा विसरलात वाटतं. हरणांचा अख्खा कळप उधळलाय, मागे कुत्रा, त्याच्या मागे बोंबलत मालक. तेही रिचमंडमध्येच. सगळं जग हसलं. पण चंडोल तिथे गवतात, जमिनीवर घरटं करतो. तिथे कुत्रा गेला तर व्हिडिओसुद्धा निघत नाही.

सातारकर: शी उचलली की संपलं असं समजू नका. बेल्जियममध्ये गेंटजवळच्या राखीव जंगलांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. कुत्र्यांमुळे हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडतं. शी उचलली तर फॉस्फरस जवळजवळ सगळं जातं, नायट्रोजन मात्र साधारण निम्मंच, कारण उरलेलं मुतात असतं. आमच्या कासला जांभ्यावर बोटभर माती. दवबिंदू, सीतेची आसवं ही कीटकभक्षी मंडळी तिथे तगतात ती माती निकस आहे म्हणूनच. खत पडलं की गवत माजणार नि यांचा बळी जाणार. पुण्याहून लॅब्राडोर घेऊन येणाऱ्यांना हे सांगितलं की राग येतो.

भूभूवाला: कासचं पटलं, शंभर टक्के. पण तो न्याय क्यूला कसा लावता? तिथे फुलांच्या वाफ्यांना माळी स्वतःच खत घालतात! जागा बघून नियम करा ना, सरसकट बंदी कशाला?

निवांत: आणि पिसवांचं औषध? मानेवर थेंब टाकता ते फिप्रोनिल इंग्लंडमधल्या नद्यांच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात सापडलंय. औषध लावलेला कुत्रा बागेतल्या तळ्यात डुंबला की पाण्यातल्या किड्यांचं काय होत असेल?

भूभूवाला: औषध लावल्यावर मी आमच्या बाळाला पाण्यात जाऊच देत नाही. आणि क्यूच्या हिरवळीवर त्या गीझनी, म्हणजे रानहंसांनी, शीचा सडा घातलेला असतो, तिथे पिशवी घेऊन मागे कोण फिरतं ते आधी सांगा.