मदत हवी आहे: गुडघे बदललेल्या वडिलांना तालिनची तटबंदी कशी दाखवावी?

नमस्कार मंडळी,

माझे आईवडील मे महिन्याच्या अखेरीस साताऱ्याहून आमच्याकडे, म्हणजे हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोला येत आहेत आणि त्यांच्या मुक्कामातले दोन दिवस व दोन रात्री आम्ही एस्टोनियाच्या राजधानीसाठी, तालिनसाठी, राखून ठेवल्या आहेत. ज्येष्ठांना घेऊन जे तिथे जाऊन आले आहेत किंवा जे तिथेच राहतात, त्यांच्याकडून मला काही नेमक्या गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत.

आधी तालिनच का, ते सांगते. आबा माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असत. आमच्या दिवाळीच्या सुट्ट्या अजिंक्यतारा, वैराटगड, राजगड अशा गडांवर गेल्या. गडावर पोहोचल्यावर ते आधी तटाला तळहात लावून उभे राहत आणि मग दगड कुठून काढला, दरज कशाने भरली, पहारा कुठे असे, ते आम्हाला सांगत. गेल्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे बदलावे लागले आणि तेव्हापासून त्यांनी एकही गड पाहिलेला नाही. सपाट रस्त्यावर मध्ये मध्ये बसत ते दोन-अडीच किलोमीटर चालू शकतात. कठडा असेल तर थोड्या पायऱ्याही चढतात, मात्र उतरताना त्यांना जास्त त्रास होतो. फोनवर तालिनच्या तटबंदीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "बुरूज किती शिल्लक आहेत? आणि दगड कुठला?" दगड तिथलाच, चुनखडीचा आहे, तट सुमारे १.९ किलोमीटर उरला आहे आणि वीसहून अधिक बुरूज उभे आहेत, हे मी नंतर शोधून त्यांना कळवले.

शहराची रचना त्यांना चटकन उमगेल, कारण ती आपल्या बालेकिल्ला आणि पेठेसारखी आहे. तोम्पेआ ही भोवतालच्या जमिनीहून वीस-तीस मीटर उंच असलेली चुनखडीची टेकडी असून तिथे सत्ताधीश, सरदार आणि बिशप राहत असत, तर खाली हान्सा व्यापारी संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांचे शहर होते आणि त्याचा कारभार ल्युबेक शहराच्या कायद्याने चाले. दोन्हींचे प्रशासन एकोणिसाव्या शतकापर्यंत वेगळे होते आणि दोहोंच्या मध्येही तट व दरवाजे होते. खालून वर जाणाऱ्या दोन जुन्या वाटांची नावे 'पिक्क याल्ग' आणि 'लुहिके याल्ग', म्हणजे शब्दशः लांब पाय आणि आखूड पाय, अशी आहेत. आखूड पाय म्हणजे चक्क पायऱ्यांची वाट आहे, त्यामुळे ती आम्ही वगळली आहे. लांब पायाच्या वाटेला चढ आहे, पायऱ्या नाहीत. तरीही माझा विचार असा आहे की टॅक्सीने थेट वर अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रलपाशी उतरावे, वरचा भाग पाहून घ्यावा आणि मग त्याच लांब पायाने सावकाश खाली यावे. गुडघ्यांना उतारच अधिक जाचतो, म्हणून हा क्रम उलटा करावा का, म्हणजे चढून जावे आणि टॅक्सीने उतरावे का, याबद्दल अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.

मला सर्वांत मोठी काळजी फरसबंदीची आहे. मी आणि माझा नवरा मागच्या नोव्हेंबरमध्ये सहा तासांसाठी तिथे गेलो होतो. रस्त्यांवर बसवलेले दगड वरून गोलसर आहेत, शतकानुशतकांच्या वापराने गुळगुळीत झालेले आहेत आणि दोन दगडांमधली फट काही ठिकाणी इतकी रुंद आहे की काठीचे रबरी टोक तिच्यात सहज अडकेल. टाउन हॉलच्या चौकापर्यंत पोहोचेतो आमच्या बॅगेचे एक चाक निखळले होते. त्या दिवशी पाऊस होता आणि चार वाजण्याआधीच अंधार पडला, त्यामुळे कोणत्या गल्लीत कडेने सपाट फरशीचा पट्टा आहे, हे पाहायचे राहून गेले. मे अखेरीस सूर्यास्त रात्री दहानंतर असल्याने उजेडाची अडचण येणार नाही, पण असे सपाट रस्ते कोणाला ठाऊक असतील तर कृपया सांगावेत.

बुरुजांपैकी 'कीक इन द कोक' आबांना दाखवायचाच आहे. ३८ मीटर उंचीचा हा तोफखान्याचा बुरूज पंधराव्या शतकात बांधला गेला. त्याच्या नावाचा अर्थ 'स्वयंपाकघरात डोकाव' असा आहे, कारण माथ्यावरून खालच्या घरांतली स्वयंपाकघरे दिसत, असे म्हणतात. १५७७ साली रशियाचा झार इव्हान द टेरिबल याच्या सैन्याने वेढा घातला, त्या वेळचे तोफगोळे आजही त्याच्या भिंतीत दिसतात. आत आता संग्रहालय आहे. तिथे लिफ्ट आहे का आणि असल्यास ती कोणत्या मजल्यापर्यंत जाते? ओलेविस्ते चर्चचा १२४ मीटरचा मनोरा अरुंद जिन्यामुळे आम्ही सोडून दिला आहे. त्याऐवजी निगुलिस्ते चर्चच्या मनोऱ्यात काचेची लिफ्ट बसवली आहे, तिथून त्यांना सगळे शहर एका नजरेत दाखवता येईल. १९४४ च्या मार्चमधल्या बॉम्बवर्षावात हे चर्च जळाले होते आणि पुढे ते पुन्हा उभारून त्याचे संग्रहालय केले गेले. तिथले चित्रकार बेर्न्ट नोटके याचे मृत्यूच्या नाचाचे चित्र आबा तासभर पाहत बसतील, याची मला खात्री आहे.

व्हिसा फिनलंडचा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, असल्यामुळे आणि दोन्ही देश त्याच क्षेत्रात असल्यामुळे ती अडचण नाही. पासपोर्ट सोबत ठेवणारच आहोत. हेलसिंकीहून बोटीने दोन-अडीच तास लागतात.

राहण्याचे मात्र ठरत नाही. तटाच्या आत राहिलो तर आबांना दुपारी खोलीवर येऊन पडता येईल, पण तिथली बरीच हॉटेले जुन्या घरांत आहेत. मागे दुसऱ्या एका शहरात सासूबाईंना घेऊन गेलो असताना संकेतस्थळावर लिफ्ट असल्याचे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीच अकरा पायऱ्या चढाव्या लागल्या आणि त्या पाहून सासूबाईंचा चेहरा उतरला. रस्त्यापासून खोलीपर्यंत एकही पायरी नाही, असे हॉटेल कोणी स्वतः अनुभवले असेल तर त्याचे नाव कळवावे.

आईला अंडेही चालत नाही. दशम्या आणि मेतकूट आम्ही नेऊच, शिवाय रेल्वे स्थानकाजवळच्या बाजारात फळे मिळतील. पण तिथला राय (rye) या धान्याचा काळा पाव आणि १८६४ पासून चालू असलेल्या 'मायास्मोक' कॅफेतले मार्झिपान तिला चाखवायचे आहे. मार्झिपान मुळात बदाम आणि साखरेचे असले तरी काही ठिकाणी त्यात अंड्याचा पांढरा बलक घालतात. तिथे तो घालतात का, हे कोणी विचारले आहे का?

शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. म्यूरिवाहे रस्त्यावर तट अगदी हाताशी येतो, पण तिथे लोकरी कपड्यांच्या विक्रेत्यांची आणि गिऱ्हाइकांची गर्दी असते. पश्चिमेला बुरुजांच्या रांगेसमोर 'तोर्निदे वेल्याक' हे उद्यान आहे आणि तिथले रस्ते सपाट आहेत. त्या बाजूने तटाच्या अगदी पायथ्यापर्यंत, दगडाला तळहात लावता येईल इतके जवळ, पायऱ्यांवाचून जाता येते का? आणि तिथे जवळपास बसायला बाक आहे का?