शुगर सातच्या खाली आली, पण हृदयाचं काय?

भिंगवाला

मधुमेहाच्या गप्पांत एक वाक्य हटकून येतं : "एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, टक्क्यांत) सातच्या खाली आहे, आता चिंता मिटली." डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा यांच्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण टाइप २ मधुमेहात सर्वाधिक माणसं दगावतात ती हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी. तिथे साखरेच्या आकड्याला आपण जेवढं श्रेय देतो तेवढं त्याने कमावलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

ॲकॉर्ड चाचणी घ्या. अमेरिका आणि कॅनडातले १०,२५१ टाइप २ मधुमेही, सगळे हृदयविकार झालेले किंवा होण्याची दाट शक्यता असलेले. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी ६ च्या खाली न्यायची, दुसऱ्याची ७ ते ७.९ मध्ये ठेवायची. प्रत्यक्षात पहिला गट ६.४ वर आला, दुसरा ७.५ वर. म्हणजे साखर झकास उतरली होती. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कडक नियंत्रणाचा भाग वेळेआधीच थांबवावा लागला, कारण त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात २०३. त्यातही विचित्र गोष्ट अशी, की जिवावर न बेतलेले हार्ट अटॅक कडक गटात कमी होते, मृत्यू मात्र जास्त. त्याच वर्षी अशाच ॲडव्हान्स चाचणीचे निकाल आले. ११,१४० लोक, कडक गट ६.५ वर, दुसरा ७.३ वर. मृत्यू वाढले नाहीत, मूत्रपिंडांना फायदा झाला, पण हार्ट अटॅक आणि पक्षाघातात म्हणण्यासारखा फरक नाही.

आता २०१५ ची एम्पा-रेग चाचणी पाहा. एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. चाचणीच्या शेवटी गोळी घेणारे आणि न घेणारे अशा दोन गटांच्या एचबीएवनसीत अर्ध्या टक्क्याचाही फरक उरला नव्हता. तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू ५.९ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर. आणि दोन गटांतलं अंतर पहिल्या काही महिन्यांतच दिसायला लागलं होतं. साखर उतरल्याचा फायदा इतक्या लवकर दिसत नसतो.

तेव्हा औषध निवडताना "साखर किती उतरवतं" हा पहिला प्रश्न नसावा. निदान हृदय आधीच दुखावलेल्यांसाठी तरी.

पांढरा_डगला

तीव्र असहमत. असलं काही वाचून माणसं गोळ्या सोडतात आणि सहा महिन्यांनी चारशे साखर घेऊन आमच्यापुढे येऊन बसतात.

ॲकॉर्डमधले लोक सरासरी बासष्ट वर्षांचे, मधुमेहाला दहा वर्षं झालेली. रक्तवाहिन्या आधीच खराब. त्यांच्यावरून निदान नुकतंच झालेल्या माणसाला नियम लावता येत नाही. ब्रिटनच्या यूकेपीडीएस चाचणीत नवे मधुमेही होते. मुख्य भागात ३,८६७ जण, दहा वर्षांत सरासरी ७.० विरुद्ध ७.९. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हार्ट अटॅक १६ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा योगायोग नव्हे असं म्हणायला लागणारी संख्याशास्त्राची रेघ जेमतेम हुकली. १९९८ मध्ये सगळ्यांनी तेवढंच वाचलं आणि पान उलटलं.

पुढचं वाचा. चाचणी संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. आणखी दहा वर्षांनी, २००८ मध्ये मोजलं तेव्हा आधी कडक नियंत्रणात असलेल्या गटात हार्ट अटॅक १५ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. सुरुवातीच्या वर्षांची पुण्याई नंतर फळली. टाइप १ चंही तेच. १९९३ मध्ये संपलेल्या डीसीसीटी चाचणीतल्या लोकांचा पाठपुरावा चालू ठेवला, तर २००५ मध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी आढळल्या.

साडेतीन वर्षांची चाचणी आणि वीस वर्षांचा आजार. निकाल कुणाचा धरायचा?

भिंगवाला

डॉक्टर, साखरेचा हृदयाशी संबंध नाही असं मी म्हटलेलंच नाही. आणि गोळ्या सोडा असं तर अजिबात नाही. पण तुमच्याच उदाहरणात फायदा दिसायला पंधरा-वीस वर्षं लागली. सत्तरीतल्या, बायपास झालेल्या माणसाला ती पुण्याई कधी मिळायची?

अनुजा_प

तुम्ही दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय! साखर हे शेवटचं लक्षण आहे. मूळ आहे इन्सुलिन रेझिस्टन्स. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून वेळ मारून नेतं, आणि ही ओढाताण कित्येक वर्षं चालते. तोवर फास्टिंग शुगर नॉर्मल. रिपोर्टवर बरोबरची खूण. पण त्याच काळात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं असतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घसरलेलं, बीपी चढलेलं, पोट सुटलेलं. अमेरिकी संशोधक जेराल्ड रेवन यांनी १९८८ च्या बँटिंग व्याख्यानात ही सगळी मोळी एकत्र बांधून दाखवली होती.

पुरावा हवा असेल तर २०१६ ची आयरिस चाचणी. पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेले ३,८७६ लोक, कुणालाही मधुमेह नाही, पण सगळ्यांना इन्सुलिन रेझिस्टन्स. त्यांतल्या निम्म्यांना पेशींची दाद वाढवणारं पायोग्लिटाझोन दिलं. पुन्हा पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण ११.८ वरून ९ टक्क्यांवर. मधुमेहच नव्हता, मग हा फायदा साखरेच्या खात्यात कसा टाकणार?

तिशीनंतर प्रत्येकाची फास्टिंग इन्सुलिन तपासायला हवी. आणि आधीच इन्सुलिन जास्त असलेल्या टाइप २ च्या माणसाला वरून इन्सुलिन टोचायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

एक_वाचक

+१. शेवटच्या परिच्छेदाला तर +१००.

खटपट्या

अनुजाताई, शेवटच्या परिच्छेदालाच माझा आक्षेप आहे.

नेमका हाच प्रश्न घेऊन बारी-टूडी चाचणी झाली. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेले २,३६८ लोक. एका गटाला पेशींची दाद वाढवणारी औषधं, दुसऱ्याला इन्सुलिन किंवा ते वाढवणाऱ्या गोळ्या. तुमचं म्हणणं खरं असतं तर दुसऱ्या गटाची दैना उडायला हवी होती. पाच वर्षांनी हयात असलेले : ८८.२ टक्के आणि ८७.९ टक्के. वरून इन्सुलिन टोचण्याबद्दल ओरिजिन चाचणी आहेच. १२,५३७ लोक, अर्ध्यांना सहा-एक वर्षं ग्लार्जिन इन्सुलिन. हृदयाला फायदा नाही, तोटाही नाही. शून्य.

आयरिसमध्ये फायदा झाला हे खरंच, पण हाडं मोडण्याचं प्रमाण आणि वजन दोन्ही वाढलं, ते तुमच्या प्रतिसादात आलं नाही.

आता ती फास्टिंग इन्सुलिन. रेझिस्टन्स खरोखर मोजायचा तर क्लॅम्प नावाची पद्धत आहे, राल्फ डीफ्रोंझो यांनी १९७९ मध्ये नीट मांडलेली. शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन सोडायचं, सोबत ग्लुकोज. दर पाच मिनिटांनी रक्त काढून साखर बघायची आणि ती जागची हलू नये म्हणून ग्लुकोजचा वेग कमीजास्त करत राहायचं. असं दोन तास. साखर जागेवर धरायला जितकं कमी ग्लुकोज लागलं, तितका रेझिस्टन्स जास्त. हे रोजच्या दवाखान्यात होणार नाही, म्हणून १९८५ मध्ये होमा नावाचं सूत्र आलं : उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले एक स्थिरांक. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासाला ते उत्तम. एकट्या माणसाला लावताना पंचाईत, कारण इन्सुलिन मोजायच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक वेगळ्या आणि कितीच्या वर धोका यावर एकमत नाही. त्या आकड्यावरून तुम्ही कुठली गोळी सुरू करणार, कुठली बंद?

अनुजा_प

बारी-टूडीत पेशींची दाद वाढवायला मेटफॉर्मिनबरोबर निम्म्याहून अधिकांना रोसिग्लिटाझोन दिलं होतं. तेच रोसिग्लिटाझोन, ज्यावर २००७ मध्ये निसेन आणि वोल्स्की यांनी चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण करून हार्ट अटॅकची शक्यता ४३ टक्क्यांनी जास्त असल्याचं दाखवलं. असं औषध हाताशी घेऊन सिद्धान्त हरला म्हणणं जरा घाईचं नाही का? त्याच यूकेपीडीएसमध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या जाड्या रुग्णांत हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी घटले होते. डॉक्टरसाहेबांनी तो भाग गाळला.

खटपट्या

मेटफॉर्मिनचे ते रुग्ण ३४२ होते. आणि "सिद्धान्त बरोबर, फक्त औषध चुकीचं" ही पळवाट कुठल्याही सिद्धान्ताला वापरता येते.

आकडेमोडे

चर्चेत टक्के नुसते उधळले जाताहेत. एम्पा-रेगचे "३८ टक्के कमी मृत्यू" मीही मथळ्यांत वाचले. हजार माणसं घ्या. तीनेक वर्षांत नुसत्या नेहमीच्या उपचारावर ५९ जण हृदयविकाराने गेले असते, गोळीवर ३७ गेले. म्हणजे हजारात २२ वाचले. चांगलं आहे, फार चांगलं आहे, पण "३८ टक्के" वाचून जे डोळ्यांपुढे येतं ते हे नव्हे. शिवाय त्या चाचणीतल्या सगळ्यांना आधीच हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार होता. निरोगी हृदयाच्या मधुमेह्याला हजारात २२ मिळणार नाहीत.

दुसरं, त्या चाचणीत हार्ट अटॅक लक्षणीय कमी झालेच नाहीत! कमी झाले ते मृत्यू आणि हृदयाची ताकद खालावून दाखल होणं. मग २०१९ च्या डापा-एचएफ चाचणीत हार्ट फेल्युअरच्या ४,७४४ रुग्णांपैकी निम्म्यांना त्याच जातीची डापाग्लिफ्लोझिन दिली, एकूण रुग्णांत निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता, आणि फायदा मधुमेह असलेल्या-नसलेल्या दोघांनाही झाला. माझा अंदाज, हे औषध साखरेचं म्हणून बाजारात आलं इतकाच त्याचा साखरेशी संबंध.

भिंगवाल्यांचा मुद्दा इथे मला पटतो. आणि एक राहिलंच : या चाचण्या कुणा कंपनीच्या सद्बुद्धीने झाल्या नाहीत. रोसिग्लिटाझोनचं प्रकरण तापल्यावर डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावलं, की नवं मधुमेहाचं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा. कंपन्या "घातक नाही" एवढं सिद्ध करायला गेल्या आणि काहींच्या हाती घबाड लागलं.

निशाचर

मी अभ्यासक वगैरे नाही, वडिलांचं बघते. वय शहात्तर, बायपास झालेली, इन्सुलिन आणि सोबत ग्लिमेपिराइड (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी). साडेसहाच्या आत आणायचंच असा त्यांच्या डॉक्टरांचा हट्ट. आणलं. रिपोर्ट बघून सगळे खूश. मग एका रात्री पाणी प्यायला उठले तर मला आईच्या नावाने हाक मारायला लागले. बनियन घामाने चिंब, हात गार, चटकन मीटर लावलं तर ४८. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेव्हा कुठे मला ओळखलं. आता दुसऱ्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलंय आणि साडेसात ते आठ चालेल म्हणतात. सरासरीचा आकडा छान होता त्या दिवशी, एवढंच सांगायचं होतं.

पांढरा_डगला

निशाचर, तुमच्या नव्या डॉक्टरांचं बरोबर आहे. वय जास्त, इतर आजार, वारंवार साखर लो होत असेल तर आठपर्यंत चालवतात, हे आता सर्वमान्य आहे. मी बोलतोय ते पस्तिशी-चाळिशीतल्या, कालपरवा निदान झालेल्या माणसाबद्दल. त्याला "साखरेने हृदयाला काय होतंय" असं सांगणं गुन्हा आहे.

आणि निव्वळ साखरच बघा असं मी तरी कुठे म्हणतो? डेन्मार्कची स्टेनो-२ चाचणी आहे की. फक्त १६० रुग्ण, सगळ्यांच्या लघवीत थोडं अल्ब्युमिन जाणारं (हे रक्तातलं प्रथिन, लघवीत येणं ही मूत्रपिंडं दुखावल्याची खूण). निम्म्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम सगळ्यावर एकदम हल्ला. आठेक वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना निम्म्याहून कमी. तेरा वर्षांनी त्या ऐंशीतले २४ गेले, दुसऱ्या ऐंशीतले ४०.

भिंगवाला

स्टेनो-२ मध्ये सगळ्यांत कमी लोकांना साधलेलं उद्दिष्ट साखरेचंच होतं, डॉक्टर. कोलेस्टेरॉल आणि बीपी त्यामानाने पुष्कळांचं आटोक्यात आलं. तरी निकाल इतका चांगला. नुसतं दहा मिलिग्रॅम ॲटॉर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन) देऊन कार्ड्स चाचणीत मधुमेह्यांच्या हार्ट अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या, ठरल्याच्या दोन वर्षं आधी ती थांबवली. आणि लोक स्टॅटिनला घाबरतात का, तर त्याने साखर किंचित वाढते म्हणून! माझी मूळ तक्रार हीच आहे.

(आकडेमोडे रागावण्याआधी : ते ३७ टक्के सापेक्ष आहेत, माहितीय.)

अनुजा_प

मग माझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्या डॉक्टर. चाळिशीचा माणूस, फास्टिंग ९८, पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४. तुमच्या हिशोबी मधुमेह नाही. फास्टिंग इन्सुलिन नको, मग काय, मधुमेह व्हायची वाट बघायची?

पांढरा_डगला

वाट कशाला बघायची? तुम्ही जे चार आकडे दिलेत त्यांतच रेझिस्टन्स दिसतोय, पाचव्या आकड्याने मला नवं काय कळणार? एचबीएवनसी, बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), लघवीतलं अल्ब्युमिन एवढं बघेन. वजन पाच-सात टक्के उतरवायला सांगेन. अमेरिकेच्या डीपीपी चाचणीत तेवढ्याने मधुमेह होणं ५८ टक्क्यांनी घटलं होतं, मेटफॉर्मिनने ३१.

खटपट्या

वजन उतरवून मधुमेह लांबतो, मान्य. हार्ट अटॅक लांबतो का? लूक अहेड चाचणीत ५,१४५ मधुमेह्यांपैकी निम्म्यांना वजन उतरवायला लावलं, त्यांनी पहिल्या वर्षात सरासरी साडेआठ टक्के उतरवलं होतं. साडेनऊ वर्षांनी हृदयाच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच.

अनुजा_प

त्यांना मधुमेह होऊन गेला होता, खटपट्या. मी आधीचं बोलतेय. २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत मधुमेह नसलेल्या, वजन जास्त असलेल्या १७,६०४ हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना वजन उतरवणारं सेमाग्लुटाइड दिलं, तर मोठ्या घटना ८ टक्क्यांवरून साडेसहावर आल्या.

आकडेमोडे

हजारात १५. आणि वजन फारसं न उतरलेल्यांनाही फायदा दिसला, त्यामुळे तोही निव्वळ वजनाच्या खात्यात टाकू नका.

निशाचर

डॉक्टर, ते लघवीतलं अल्ब्युमिन वडिलांच्या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही. एचबीएवनसीचे मात्र रिपोर्टच रिपोर्ट आहेत. आता सांगून करून घेऊ का?

पांढरा_डगला

घ्या. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना, क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढून मागा. वाढलेलं आलं तर लगेच घाबरू नका, तापात किंवा लघवीच्या संसर्गातही वाढतं. काही आठवड्यांनी पुन्हा करा, आणि दोन्ही रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.