मदत हवी : सिकलसेल एसएस भाचीसाठी जीन थेरपी खरंच मिळते का? भाऊजी बांधी विकायला निघाले

सावलीकर
नमस्कार मंडळी. लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्या, मोबाईलवरून टाईप करतो अन् आमच्याइकडे रेंज येते-जाते.

माझी भाची 14 वर्षांची हाय, नववीत. लहान होती तवा हातापायाची बोटं सुजायची, गावातल्या डॉक्टरले वाताचं वाटलं, मंग चंद्रपूरले इलेक्ट्रोफोरेसिस केलं तवा एसएस निघालं, म्हणजे मायबाप दोघांइकडून सिकलसेलचं जीन आलं. बहीण अन् भाऊजी दोघंही एएस, म्हणजे सिकलसेलचं एकच जीन असलेले. तिचा लहान भाऊ 11 वर्षांचा, तो पण एएस. रोवणीच्या दिवसात पाण्यात भिजली की दुखते, थंडीत दुखते, हे आमच्या सवयीचं झालं. पण यंदा मे महिन्यात मायसोबत तेंदूपत्त्याले गेली, ऊन किती असते ते सांगाले नको, पाणी कमी पेली असन, रात्री मांड्या अन् पाठ धरली, दुसऱ्या दिवशी छातीत दुखून दम लागला. भरती केलं, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, आठवडाभर पोरगी कण्हत होती. तवापासून भाऊजीची झोप उडाली.

सुट्टी देताना डॉक्टरनं हायड्रॉक्सीयुरिया लिहून देली. मेडिकलवाल्यानं पाकीट हातात देता देता म्हटलं का ही तर कॅन्सरची गोळी हाय, एवढ्या लहान पोरीले कायले? झालं, बहिणीनं बंद करून टाकली.

आता मुख्य गोष्ट. व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरून राहिला, "सिकलसेल आता कायमचा बरा, भारतात जीन थेरपी सुरू", सोबत लॅबचा फोटो. अन् त्याच टायमाले एका पाहुण्याच्या ओळखीतून एक माणूस घरी आला, म्हणते स्टेम सेलचं इंजेक्शन भेटते, साडेचार लाख पूर्ण खर्च, पहिले 50 हजार देऊन नंबर लावा, एकाच इंजेक्शनात काम. भाऊजीनं दीड एकर बांधी विकाले काढली, घेणाराही पाहून ठेवला. मी थांबवून धरलं हाय पण किती दिवस थांबवू, उद्या पोरीले काही झालं तर माझ्याच नावानं खडे फुटतीन.

तर जाणकारांनी सांगा, ही जीन थेरपी म्हणजे नेमकं काय, आपल्याइकडे भेटते का, हा माणूस जे म्हणून राहिला ते तेच हाय का दुसरं काही, अन् हे नसन तर मंग दुसरा रस्ता कोणता. मी बारावी सायन्स हाय, थोडं कठीण लिहिलं तरी चालते.

रानमेथी
दादा पहिले तर 50 हजार देऊ नका!! माझा भाऊ एसएस आहे, आमच्या यवतमाळ साइडलापण असे लोक येऊन गेले, एकाने जडीबुटीचा काढा दिला अन् एकाने असंच "नंबर लावा" सांगितलं. खरा दवाखाना कधी घरी येऊन बुकिंग घेतो का, तुम्हीच सांगा. बाकी डॉक्टर मंडळी लिहितील.

हिमॅटवाला
मी मूळचा ब्रह्मपुरीकडचा, सध्या बाहेर रक्तविकारात शिकतोय. दादा, जरा मोठं लिहितो कारण अर्धवट सांगून उपयोग नाही.

जीन थेरपी खोटी नाही. जन्माआधी बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, एचबीएफ, त्याने पेशी विळ्यासारखी वाकत नाही. जन्मानंतर बीसीएल11ए नावाचं जीन ते बनणं जवळपास बंद करतं. आता क्रिस्पर या जीन कापण्याच्या तंत्राने पेशंटच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींमध्ये (स्टेम सेल) या जीनचा एक भाग कापतात, म्हणजे एचबीएफ परत बनायला लागतं. हे कॅसजेव्ही नावाने इंग्लंडने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने 8 डिसेंबर 2023 ला मंजूर केलं, वय 12 आणि पुढे. ट्रायलमध्ये ज्यांचा हिशोब लागला त्या 31 पैकी 29 जणांना सलग वर्षभर एकही मोठा क्रायसिस, म्हणजे जोरदार दुखण्याचा झटका, आला नाही. भारी रिझल्ट आहे, मी स्वतः वाचताना हरखलो होतो.

पण "एकच इंजेक्शन" हे साफ खोटं. आधी औषधं देऊन मूळ पेशी रक्तात आणायच्या, मशीनने गोळा करायच्या, तेही एका फेरीत भागेलच असं नाही, मग लॅबमध्ये त्यांच्यावर काम चालतं त्यात महिने जातात. त्यानंतर बुसल्फान नावाची जोरदार किमो देऊन पोरीच्या हाडातला जुना मगज रिकामा करतात, म्हणजे बांधीतलं सगळं उपटून नवीन रोवणी करावी तसं, आणि मगच बदललेल्या पेशी सोडतात. केस जातात, इन्फेक्शनची भीती, कित्येक आठवडे दवाखान्यात, आणि पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. रुपयात 18 कोटीच्या वर. दुसरी एक आहे लिफजेनिया, ती 31 लाख डॉलरची आणि तिच्या लेबलवर रक्ताच्या कॅन्सरचा इशारा छापलेला. तेव्हा साडेचार लाखात जो कोणी "तेच" देतोय म्हणतो त्याला इथेच ओळखा.

तुमच्या मेसेजमध्ये बहुतेक बिरसा 101 ची बातमी असेल. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने देशी क्रिस्पर थेरपी तयार केली, नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केली आणि सिरम इन्स्टिट्यूटसोबत करार झाला. ही बातमी खरी आणि चांगली आहे, कारण सगळा रोखच किंमत खाली आणण्याचा आहे. पण जाहीर होणं वेगळं आणि दवाखान्यात मिळणं वेगळं. आधी माणसांवर ट्रायल पार पडावी लागते. ट्रायल असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदणीत दिसते, आणि त्यात पेशंटकडून बुकिंगचे पैसे घेत नाहीत. त्या माणसाला सीटीआरआय नंबर विचारा, बघा कसा गडबडतो.

धानाचा कोंडा
सरकारनं 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये मिशन सुरू केलं, 2047 पर्यंत सिकलसेल संपवणार म्हणते, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी. तपासणी होऊन राहिली हे खरं, आमच्या आश्रमशाळेत पण झाली, कार्ड भेटले. पण कार्ड भेटल्यावर पुढे काय? 2047 ले ही पोरगी कितीची होईन हिशोब करा. मी काही राजकारण करून राहिलो नाई, जे दिसते ते बोलतो.

हिमॅटवाला
@धानाचा कोंडा, राग बरोबर आहे, पण ते मिशन मुख्य म्हणजे पुढच्या पिढीत एसएस जन्माला येऊ नये यासाठी आहे, आज ज्याला आहे त्याचं वेगळं बघावं लागतं. सावलीकर दादांनी "दुसरा रस्ता" विचारलाय, तो आहे आणि माझ्या मते या घरात आधी त्याचीच चौकशी व्हायला पाहिजे. बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातला मगज देणं. सख्ख्या भावाचा एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळतो का बघा. 2017 मध्ये एक हजार पेशंटची आंतरराष्ट्रीय पाहणी आली, सगळे एचएलए जुळणाऱ्या भावंडाकडून केलेले, 5 वर्षांनी जवळपास 93 टक्के जिवंत होते, आणि वय जितकं कमी तितका निकाल चांगला. म्हणजे 14 व्या वर्षी विचारताय हे योग्य वेळेला विचारताय. यातही किमो आहे, धोका आहे, 100 पैकी 7 हा आकडा आपल्या घरात छोटा नसतो. ते डॉक्टरसमोर बसूनच ठरवा.

सावलीकर
सर खूप उपकार. पण एक शंका, पोरगा तर एएस हाय, त्याच्यातही सिकलसेल हाय ना, मंग त्याचा मगज कसा चालन? आमचं घरात सगळ्याइनं हेच धरलं होतं का तो बाद. अन् त्या कॅन्सरच्या गोळीचं काय?

हिमॅटवाला
एएस भावंड दाता म्हणून चालतं! ट्रान्सप्लांटनंतर तुमची भाची त्याच्यासारखी एएस होईल, म्हणजे वाहक, आणि वाहकाला रोजच्या जगण्यात त्रास नसतो. त्याला बाद करू नका. जुळण्याची शक्यता मात्र 4 मध्ये 1 आहे, ती मनात ठेवूनच टेस्ट करा, नाहीतर पोरगा उगाच स्वतःला दोष देतो. नाही जुळलं तर आईबापाचा अर्धा जुळणारा मगज वापरूनही आता करतात, पण त्यात गुंतागुंत जास्त.

गोळीबद्दल. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, हायड्रॉक्सीयुरिया काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात. पण सिकलसेलमध्ये ती कमी डोसमध्ये, वेगळ्या कारणासाठी देतात, तेच एचबीएफ वाढवायला. 18 कोटीची थेरपी जे काम कायमचं करायला बघते त्यातला काही हिस्सा ही गोळी रोज घेतली तर करते. 1995 च्या अमेरिकन अभ्यासात क्रायसिस 44 टक्क्यांनी कमी झाले होते आणि छातीचा जो प्रकार भाचीला झाला तोही कमी झाला. सरकारी सिकलसेल केंद्रात फुकट मिळते. फायदा दिसायला काही महिने लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून सोडायची नसते. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ठरलेल्या वेळी करावंच लागतं. बहिणीला सोबत घेऊन त्याच डॉक्टरकडे जा, बंद केली हे स्पष्ट सांगा, ते सीबीसी पाहून परत सुरू करतील. डोस मी इथे सांगणार नाही.

मध्ये कोणी नवीन गोळी व्होक्सेलोटर सुचवली तर लक्षात ठेवा, ती सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनेच जगभरातून परत घेतली. नवीन म्हणजे चांगलंच असं नसतं.

रानमेथी
डॉक्टर साहेब मेंदूच्या सोनोग्राफीचं पण सांगा ना, माझ्या भावाची कोणी केलीच नव्हती, नंतर कळलं.

हिमॅटवाला
बरोबर आठवण केली. टीसीडी म्हणतात, डोक्यावरून केलेली डॉपलर सोनोग्राफी, दुखत नाही. 2 ते 16 वर्षांच्या एसएस मुलांमध्ये लकव्याचा धोका आधीच ओळखता येतो. भाचीची झाली नसेल तर मागून घ्या. न्यूमोकोकलची लस झाली का तेही विचारा. आणि घरी एवढं सगळ्यांना माहीत पाहिजे की ताप चढला, छातीत दुखून दम लागला, पोट डावीकडे फुगलं किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच 108 ला फोन.

लॅबताई
मी चंद्रपूर जिल्ह्यातच लॅबमध्ये काम करते. दादा, लांब जायच्या आधी चंद्रपूरला आयसीएमआरचं (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे, तिथे विचारा. नागपूरला एम्स अन् सरकारी मेडिकल कॉलेज आहेच, सेवाग्रामचा दवाखानाही आहे. ट्रान्सप्लांटसाठी आपल्याकडचे लोक वेल्लोरला सीएमसी दवाखान्यात जातात, बल्लारशाहवरून काटपाडीची गाडी भेटते, पण आधी इथल्या डॉक्टरची चिठ्ठी अन् एचएलए रिपोर्ट घेऊनच जा, रिकाम्या हाताने गेलं की नुसते लॉजचे पैसे जातात. खर्चाचं मेडिकल सोशल वर्करशी बोला, जनआरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, कुठे काय बसतं ते त्यांना माहीत असतं. जमिनीचं त्यानंतर बघा.

अन् एक, सिकलसेल 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे. सिव्हिलमध्ये तपासणी करून यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी कार्ड) काढून घ्या, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त बसलं तर पुढच्या वर्षी दहावीच्या पेपरला जास्तीचा वेळ मागता येतो. एसटीत पण सिकलसेल पेशंटला सवलत आहे, कागद कोणता लागतो ते डेपोत विचारा. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांना हे ठाऊकच नसतं.

सावलीकर
मंडळी, भाऊजीले सगळा धागा वाचून दाखवला. पहिले चिडले, मंग त्या माणसाले माझ्यासमोर फोन लावला अन् सीटीआरआय नंबर मागितला. तो म्हणे असलं काही लागत नाई, आमचं डायरेक्ट असते, अन् दर एकदम तीन लाखावर आला! भाऊजीनं फोन ठेवला. घेणाऱ्याले सध्या नाई म्हणून कळवलं, धान निघेपर्यंत तरी विषय बंद.

गोळीसाठी सोमवारी बहिणीले घेऊन जातो. भावाची एचएलए टेस्ट नागपूरले करू म्हणून राहिलो. पोरगा तर आत्ताच तयार होऊन बसला, त्याले वाटते उद्याच मगज काढतीन. फक्त एक सांगा, टेस्टले उपाशीपोटी न्या लागते का? सकाळची पहिली एसटी पकडली तरी पोचेपर्यंत अकरा वाजते, अन् हा गडी उठल्या उठल्या खाल्ल्याशिवाय राहत नाई.

लॅबताई
नाही लागत. पोटभर खाऊ घालून न्या. थोडं रक्त नाहीतर गालाच्या आतून स्वॅब घेतात. बहीण-भाऊजींचंही सॅम्पल त्याच दिवशी द्या म्हणजे परत चक्कर नको, अन् भाचीला अलीकडे रक्त चढवलंय हे काउंटरवर आधी सांगा.