चर्चा: वयाच्या दोन वर्षांनंतर मुलांना ‘उंचीसाठी’ जादा खाऊ घालणं बंद करा

मोजपट्टी (धागाकर्ता)
मूल खुजं दिसलं की ‘ग्रोथ हार्मोन कमी असेल, ते वाढेल असं काहीतरी द्या’ हा सल्ला ठरलेला. प्रत्यक्षात नीट खायला न मिळालेल्या मुलाच्या रक्तात हे हार्मोन बहुधा जास्तच सापडतं. हे हार्मोन सोडणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हाका मारते, यकृत दाद देत नाही. उष्मांक आणि प्रथिनं कमी पडली की इन्सुलिन उतरतं, यकृतावरचे रिसेप्टर (हार्मोनचा निरोप घेणारे रेणू) घटतात आणि आयजीएफ-१ हे वाढ घडवणारं दुसरं हार्मोन पुरेसं बनत नाही. हाडाच्या टोकाची कूर्चा मुख्यतः त्याच्या जोरावर वाढते. शिवाय पिट्युटरीला ‘पुरे’ म्हणणारंही तेच, म्हणून हार्मोन चढं राहतं. तेव्हा पावडरीच्या डब्यावर ‘ग्रोथ हार्मोन’ छापणं म्हणजे ग्राहकाची थट्टा.

दुसरं असं की पहिल्या वर्षी उंची साधारण २५ सेमी वाढते, दुसऱ्या वर्षी १२ आणि पुढे मंदावत जाऊन वयात येईपर्यंत वर्षाला जेमतेम ५-६. सुरुवातीला बुडालेलं नंतर जादा खाऊन फारसं वसूल होत नाही. वाढतो तो घेर.

चक्रवाक
यकृताचं म्हणणं मान्य, निष्कर्ष घाईचा. डेन्मार्कमध्ये ८ वर्षांच्या मुलग्यांना ७ दिवस रोज दीड लिटर साय काढलेलं दूध दिलं, तर आयजीएफ-१ सुमारे १९ टक्के वाढलं. तेवढीच प्रथिनं मांसातून दिलेल्या गटात वाढलं नाही. म्हणजे आठव्या वर्षीही ही यंत्रणा अन्नाला प्रतिसाद देते. सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडणारा आजार) असलेल्या मुलाचं ग्लुटेन बंद केलं की खुंटलेली उंची पुन्हा वेग घेते, ती काय दोन वर्षांखाली असल्यामुळे?

मोजपट्टी
७ दिवसांत रक्तातला आकडा वाढला, उंची नव्हे. आणि याच प्रयोगाचा उरलेला अर्धा भागही सांगा की: दुधाच्या गटात उपाशीपोटीचं इन्सुलिन दुप्पट झालं. दीड लिटर दुधानंतर मूल जेवणार काय? लोह कमी पडायला एवढं पुरतं. सीलिअॅकमध्ये तर आतड्याचा अडथळा काढलात, जादा खाऊ घातलं नाहीत.

तिसरा_मजला
दोघंही सेंटिमीटरमध्ये अडकलात. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार गावांत प्रयोग झाला. दोन गावांना प्रथिनयुक्त पेय, दोन गावांना प्रथिनं नसलेलं, कमी उष्मांकाचं. उंचीवरचा परिणाम दिसला तो वयाच्या तीन वर्षांच्या आत, हा मुद्दा मोजपट्टींच्या बाजूचा. पण ज्या मुलग्यांना पहिलं पेय वयाच्या दोन वर्षांच्या आत मिळालं, त्यांची मोठेपणी ताशी कमाई सुमारे ४६ टक्के जास्त भरली. पुढच्या पाहणीत गर्भापासून दोन वर्षांपर्यंत ते पेय मिळालेल्यांत मधुमेह कमी आढळला, लठ्ठपणा मात्र जास्त. एकाच पेयाचे हे दोन्ही परिणाम! त्यामुळे ‘लवकर दिलं की सगळं चांगलं’ हेही खरं नाही. युरोपात जास्त प्रथिनांचं फॉर्म्युला (डब्यातलं) दूध घेतलेल्या बाळांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सहाव्या वर्षी जास्त निघाला, उंची नाही.

अभ्यासू_मुंगी
आधी नीट मोजा, मग भांडा. दोन वर्षांपर्यंत झोपवून, नंतर उभं करून मोजतात; या बदलात आकडा सुमारे ०.७ सेमी ‘घटतो’ आणि घरात उगाच घबराट होते. संध्याकाळपर्यंत मणका दबून उंची थोडी कमी भरते. वर्षाला ५ सेमी वाढणारं मूल तीन महिन्यांत सव्वा सेमी वाढणार. दोन्ही वेळा अर्धा-अर्धा सेमी चूक झाली तर त्या आकड्याला काय अर्थ उरला? निदान सहा महिने जाऊ द्या. बूट काढून, टाचा भिंतीला लावून, नजर समोर ठेवून, दिवसाच्या त्याच वेळी मोजा.

वाढीच्या आलेखात क्रम बघा. आधी वजन घसरलं आणि मागून उंची, तर बोट अन्नाकडे, आतड्याकडे किंवा एखाद्या जुनाट आजाराकडे. वजन ठीक आणि उंचीची रेषाच खाली वाकतेय, तर थायरॉइड किंवा खरोखरच ग्रोथ हार्मोनची कमतरता. वयाच्या चार वर्षांनंतर वेग वर्षाला ४ सेमीखाली गेला तर वाट बघू नका. आणि ग्रोथ हार्मोनची एकच सुटी रक्तचाचणी करून घेऊ नका. ते लाटांनी सुटतं, बरंचसं गाढ झोपेत. दुपारी शून्याजवळ आलं तरी त्यावरून काही ठरत नाही.

चक्रवाक
हे पटलं. पण मग शीर्षकातलं ‘बंद करा’ काढा. ज्याची वजनाची रेषाच घसरलीय अशा चार वर्षांच्या मुलाचे आईबाप हे वाचून ताटातलं तूप कमी करतील.

मोजपट्टी
शीर्षकात ‘वजन ठीक असेल तर’ एवढं घालतो. ‘बंद करा’ राहणार. गुबगुबीत मुलाला उंचीच्या नावाखाली रोज दोन पेले पावडर पाजणाऱ्यांसाठीच ते आहे. अशी मुलं आज वर्गात उंच दिसतात. हाडांचं वय (एक्स-रेत दिसणारी हाडांची पक्वता) पुढे पळालेलं असतं, लवकर वयात येतात आणि शेवटची उंची इतरांइतकीच भरते.